हात धुऊन मागे लागलेला आजार

मैत्रिणींनो, आपल्या मराठीत 'मंत्रचळ' नावाचा एक जुना शब्द आहे. मंत्र म्हणताना चूक झाली की माणसाचं डोकं फिरतं, अशी समजूत त्या शब्दामागे होती. पुढे तोच शब्द पुन्हा पुन्हा हात धुणाऱ्या, पुन्हा पुन्हा कडी-कुलूप तपासणाऱ्या माणसांसाठी रूढ झाला. आता डॉक्टर त्याला 'ओसीडी' म्हणतात, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. नको असलेला विचार मनात वारंवार घुसतो आणि त्याने येणारी भीती घालवण्यासाठी एखादी कृती वारंवार करावीच लागते, असा हा आजार. शब्द बदलला, पण अशा बाईशी आपण घरात कसं वागतो ते फारसं बदललेलं नाही. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेली, घर-संसार सांभाळून महिला मंडळाचं आणि बचत गटाचं काम करणारी तुमच्यासारखीच एक बाई आहे. पण बायका एकत्र बसल्या की हिशेबाच्या वह्या मिटल्यावर खऱ्या गोष्टी निघतात. त्या गोष्टी ऐकताना माझ्या लक्षात आलं की, हा आजार आपल्या आसपास भरपूर आहे, फक्त त्याला कुणी आजार म्हणत नाही. जगभरच्या पाहण्यांनुसार शंभर माणसांमागे एक ते तीन जणांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. पन्नास हजार वस्तीचं तालुक्याचं गाव धरलं, तर किमान पाचशे माणसं झाली. मग ही पाचशे माणसं आपल्याला दिसत का नाहीत?

दिसतात. आपण त्यांना वेगळ्या नावाने ओळखतो. 'तिला बाई स्वच्छतेची फार हौस', 'त्यांच्याकडे सोवळं फार कडक', 'ती जरा काळजीखोरच आहे' अशी ती नावं. बाईचा आजार जोपर्यंत आपल्या 'चांगल्या गृहिणी'च्या कल्पनेत बसतो, तोपर्यंत आपण त्याचं कौतुक करतो. कौतुकात बसेनासा झाला की त्याची टिंगल करतो. 'हिचं आपलं धुणं-पुसणं संपतच नाही', 'सायको आहे', असं म्हणून मोकळं होतो. कौतुक करा नाहीतर टिंगल करा, दोन्हींचा परिणाम एकच. ती बाई उपचारांपर्यंत पोहोचतच नाही.

आमच्या ओळखीतल्या एका वहिनींचं उदाहरण सांगते. नाव-गाव सांगत नाही, कारण त्यांना ते नको आहे. सगळी गल्ली त्यांच्या घराचं कौतुक करायची. घर कसं आरशासारखं! पण आतलं चित्र असं होतं. आलेली दुधाची पिशवी त्या साबणाने धुवायच्या. मग पिशवी धरलेले हात धुवायच्या. मग त्या हातांनी नळ उघडला होता म्हणून नळ धुवायच्या. नळ धुतला म्हणून परत हात. नगरपालिकेचं पाणी सकाळी दीड तास येतं, म्हणून या बाई पहाटे चारला उठून बसायच्या. यजमान बाहेरून आले की उंबऱ्याबाहेरच पाय धुऊन कपडे बदलायचे. मुलाचं दप्तर ओसरीत. मुलाचे मित्र घरात नाहीत. हातांना इतक्या भेगा की भाकरीच्या पिठातलं मीठ झोंबायचं, बोटांच्या बेचक्यांत कायमच्या चिखल्या. उन्हाळ्यात टँकर मागवायची वेळ आली, तेव्हा पाण्यावरून घरात भांडणं सुरू झाली आणि मग कुठे हा विषय उंबऱ्याबाहेर आला. सात वर्षं गेली होती मध्ये.

आता कुणी म्हणेल, स्वच्छता काय वाईट? मुळीच नाही. २०२० साली करोना आला तेव्हा सगळ्या जगाने हात धुतले आणि ते गरजेचंच होतं. मग स्वच्छतेची आवड आणि ओसीडी यांत फरक काय? फरक असा की, आवड असलेल्या बाईला ओटा पुसून झाला की बरं वाटतं आणि ती चहा घेऊन बसते. ओसीडी असलेल्या बाईला ओटा पुसून झाला तरी 'झाला' असं वाटतच नाही. हात स्वच्छ आहेत हे तिला दिसतं, बहुतेक वेळा कळतंही. पण आतून खात्री पटत नाही. ती आनंदाने धूत नसते, भीतीने धूत असते. डॉक्टर साधारण असा अंदाज घेतात की, या विचारांत आणि कृतींत दिवसाचा तासाभराहून जास्त वेळ जातो का, किंवा त्यामुळे मनाला फार क्लेश होतात का, घर, नोकरी, नाती यांत अडथळा येतो का. उत्तर 'हो' असेल तर ती सवय राहिलेली नाही.

आणि हा आजार फक्त धुण्याचा नाही बरं का. एक अंगणवाडी सेविका एसटी स्टँडवरून परत घरी यायची, गॅसचा रेग्युलेटर बंद आहे ना ते बघायला. एकदा नाही, तीनदा. बस चुकायची, वरून बोलणी खावी लागायची. निवृत्त झालेल्या एका शिक्षिका बाईंना पूजेला बसलं की देवाबद्दल घाणेरडे शब्द मनात यायचे. आले की स्तोत्र पहिल्यापासून. सकाळची पूजा दुपारी बारापर्यंत चालायची. घरच्यांना वाटे, काय यांची भक्ती! त्या बिचाऱ्या मात्र आपण महापापी आहोत असं समजून आतल्या आत झुरत होत्या.

सगळ्यात जपून सांगावं असं उदाहरण एका बाळंतिणीचं. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. बाळाला घेऊन स्वयंपाकघरात गेली की विळीकडे बघून मनात यायचं, 'माझ्या हातून बाळाला काही झालं तर?' ती इतकी घाबरली की विळी माळ्यावर टाकायला लावली, मग बाळाला एकटीने घेणंच बंद केलं. घरच्यांनी अर्थ काढला, पोरीला बाळाची मायाच नाही. खरं तर माया होती म्हणूनच तो विचार तिला इतका भयंकर वाटत होता. बाळंतपणानंतर हा आजार सुरू होणं किंवा वाढणं, हे वैद्यकशास्त्राला चांगलं माहीत आहे. आपण जे कधीच करणार नाही, करू इच्छित नाही, नेमकं त्याचंच भय हा आजार दाखवतो. तरीही बाळंतिणीला असे विचार येत असतील तर घरी अंदाज बांधत बसू नये, लवकर डॉक्टरांना दाखवावं. कारण बाळंतपणानंतरचे काही दुसरे मानसिक आजार वेगळे असतात, त्यात बाईचं भान सुटतं, आणि ते तातडीचे असतात. कोणता आजार आहे ते डॉक्टरच ओळखू शकतात.

असे विचार मनात येतात म्हणजे आपणच वाईट, हा समज आधी डोक्यातून काढायला हवा. १९७८ साली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले डी सिल्वा हे मूळचे श्रीलंकेचे. त्यांनी कोणताही मानसिक आजार नसलेल्या साध्या माणसांना विचारलं, तुमच्या मनात नको ते विचार येतात का? दहातल्या आठ जणांनी 'हो' सांगितलं. कुणाला ढकलून द्यावं, देवळात काहीतरी अभद्र बोलावं, असे विचार बहुतेकांच्या मनात डोकावून जातात. बाकीची माणसं 'काय पण डोक्यात येतं' म्हणून कामाला लागतात. ओसीडी असलेली व्यक्ती त्या विचारापाशी थांबते, त्याचा अर्थ लावते, घाबरते आणि भीती घालवायला काहीतरी करते. इथेच गाठ बसते.

ती गाठ कशी घट्ट होते बघा. हात धुतले की भीती कमी होते, पण थोडाच वेळ. मन मात्र शिकतं की धुतलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती पुन्हा येते आणि आणखी धुवायला लावते. उंदीर दिसला की त्याला भाकरीचा तुकडा टाकून गप्प करावं, तसं हे आहे. उंदीर जातो, पण उद्या येण्यासाठी.

मग विचारच थांबवले तर? आपल्याकडे एक गोष्ट सांगतात. वैद्याने औषध दिलं आणि म्हणाला, घेताना माकड तेवढं आठवू नकोस. झालं! त्या माणसाला औषधाची बाटली हातात घेतली की माकडच दिसायचं. १९८७ साली डॅनिएल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हाच प्रयोग माकडाऐवजी पांढऱ्या अस्वलावर केला. अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलेल्या माणसांच्या मनात अस्वल पुन्हा पुन्हा येतच राहिलं. म्हणून 'मनात आणूच नको', 'सोडून दे', 'चांगले विचार कर' हे आपले तिन्ही आवडते सल्ले ओसीडीच्या बाबतीत कुचकामी आहेत. ते देणारा थकतो आणि ऐकणारी आणखी अपराधी होते.

उपाय दुसऱ्या टोकाने सुरू होतो. विचाराला येऊ द्यायचं, भीतीलाही येऊ द्यायचं, आणि कृती तेवढी करायची नाही. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधले व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली दोन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. ज्याची भीती वाटते त्याला सामोरं जायचं आणि नंतरची ठरलेली कृती करायची नाही, अशा पद्धतीने त्यांनी त्या रुग्णांवर उपचार केले होते. तोपर्यंत या आजाराला जवळजवळ असाध्यच समजत. पुढे जगभर याच पद्धतीवर काम झालं आणि आज ओसीडीच्या मुख्य उपचारांपैकी तो एक आहे. ज्या रुग्णांनी तो नेटाने केला, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांना चांगला फरक पडलेला दिसतो. १९९२ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली. औषधाने सुधारलेल्या आणि फक्त अशा वर्तनोपचाराने सुधारलेल्या, दोन्ही गटांतल्या रुग्णांच्या मेंदूच्या एकाच भागात सारखा बदल दिसला. म्हणजे नळापाशी उभं राहून न धुता परत फिरणारी बाई आपल्या मेंदूलाच नवं वळण लावत असते.

आणि हे काम तिचं तिलाच करावं लागतं. आठवड्याला एक तास समुपदेशक भेटला, तरी उरलेले एकशे सदुसष्ट तास ती आपल्या मोरीपाशी, देवघरापाशी, कुलपापाशी एकटीच असते. म्हणून स्व-मदत हा या आजारात उपचारांचा कणा आहे. ती कशी करायची, ते मी जे वाचलं, तज्ज्ञांकडून ऐकलं आणि त्या वहिनींच्या घरी होताना पाहिलं, त्यावरून सांगते.

पहिलं काम वहीचं. आठ दिवस काहीही न बदलता फक्त लिहायचं. किती वाजता, काय विचार आला, काय कृती केली, किती वेळ गेला, भीती दहापैकी किती वाटली. किराण्याचा हिशेब लिहितो तसं, रडगाणं न गाता. वहिनींच्या वहीत बेरीज आली दिवसाला साडेचार तास. तो आकडा बघून त्या स्वतःच गप्प झाल्या.

दुसरं काम शिडीचं. ज्या ज्या गोष्टींची भीती वाटते, त्यांची सोप्यापासून अवघडपर्यंत यादी करायची. वहिनींची शिडी अशी होती: वर्तमानपत्र हाताळून हात न धुणं, दाराची कडी, सुट्या पैशांची चिल्लर, दुधाची पिशवी नुसत्या पाण्याने एकदा विसळणं, बाजाराची पिशवी घरात ठेवणं, मुलाचं दप्तर आतल्या खोलीत आणणं, आणि सगळ्यात वर, यजमानांनी बाहेरच्या कपड्यांत पलंगावर बसणं. सुरुवात खालच्या पायरीपासून. एक पायरी रोज, पुन्हा पुन्हा, ती कंटाळवाणी वाटेपर्यंत. मगच पुढची. इथे एक खुलासा करते. संडासहून आल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी हात धुवायचेच. साबणाने वीस सेकंद, एकदा. घाणीत राहायला कुणी सांगत नाही.

तिसरं काम थांबण्याचं. लगेच जमत नसेल तर पुढे ढकलायचं. लॉस एंजेलिसचेच डॉक्टर जेफ्री श्वार्ट्झ यांनी १९९६ साली आलेल्या 'ब्रेन लॉक' या पुस्तकात पंधरा मिनिटांचा नियम सांगितला आहे. धुवावंसं वाटलं की मनाशी म्हणायचं, 'हे माझं मत नाही, हा ओसीडी बोलतोय.' आणि पंधरा मिनिटं दुसऱ्या कामाला लागायचं. पालेभाजी निवडा, मशीनवर बसा, अंगणात चक्कर मारा. पंधरा मिनिटांनी बघायचं, जोर कमी झालाय का. सुरुवातीला पंधरा जमली नाहीत तर पाच. भीती भरतीसारखी चढते आणि बऱ्याचदा ओहोटीसारखी उतरतेही. एखाद्या दिवशी उतरणार नाही. तरी हरकत नाही. भीती असतानाही मी भाकरी केली, मुलाला शाळेत सोडलं, हे कळणं त्या दिवसाचं काम.

चौथी गोष्ट चोरवाटांची. हात धुवायचे थांबवले आणि मनातल्या मनात शंभर आकडे मोजले, तर ती कृतीच झाली. वाईट विचार आला म्हणून तो पुसायला अकरा वेळा नाव घेतलं, तीही कृतीच. यात देवाचा अपमान नाही. भक्तीने घेतलेलं नाव आणि भीतीने घेतलेलं नाव यांतला फरक ज्याचा त्याला कळतो. त्या शिक्षिका बाईंनी नियम केला, स्तोत्र एकदाच म्हणायचं, मध्ये काहीही मनात आलं तरी पुढे जायचं, परत सुरू करायचं नाही. त्या म्हणाल्या, 'अगं, देवाला माझं मन कळत नसेल तर मग तो देव कसला?' हे वाक्य त्यांच्या तोंडून येईपर्यंत बरेच महिने गेले होते, हेही सांगायला हवं.

आता घरच्यांचं काम. मला वाटतं, आपल्याकडे सगळ्यात जास्त अडतं ते इथेच. ओसीडी असलेल्या बाईच्या घरी हळूहळू सगळं घर त्या आजाराच्या नोकरीला लागतं. नवरा उंबऱ्याबाहेर पाय धुतो, सासूबाई 'हो बाई, बंद केलाय गॅस' असं दहा वेळा सांगतात, मुलं खेळून आल्यावर तिच्यासमोर परत परत हात धुतात. कटकट नको म्हणून, प्रेमापोटी, कधी दमून. पण दर वेळी दिलेलं 'हो, बंद आहे' हे उत्तर म्हणजे त्या उंदराला टाकलेला आणखी एक तुकडा. ती पुन्हा विचारणारच.

म्हणून एकदम उद्यापासून उत्तरं देणं बंद करायचं का? तसंही नको. रागाने नळाची चावी बंद करणं, तिला मुद्दाम घाण हाताने शिवणं, पाहुण्यांसमोर तिची नक्कल करणं हे तर मुळीच नको. तो छळ होतो आणि आजार वाढतो. शांत वेळ बघून तिच्याशी बसून ठरवायचं. 'तू विचारलंस की मी एकदा सांगेन. दुसऱ्यांदा विचारलंस तर म्हणेन, हे आपलं ठरलंय ना, आता आपण दोघं मिळून थांबूया.' वहिनींच्या यजमानांनी असंच केलं. पहिल्या आठवड्यात घरात रडारड झाली, एक दिवस जेवणही झालं नाही. पण ते चिडले नाहीत आणि मागेही हटले नाहीत. ठरलं ते तिच्या संमतीने ठरलं होतं, म्हणून टिकलं.

औषधांबद्दलही बोललं पाहिजे, कारण 'गोळ्या सुरू झाल्या की आयुष्यभर' ही भीती आपल्याकडे फार. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधं ओसीडीत उपयोगी पडतात. त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, त्यामुळे पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून सोडून देऊ नयेत. दारू-तंबाखूसारखं त्यांचं व्यसन लागत नाही, पण मनाने एकदम बंद केल्या तर त्रास होतो. म्हणून चालू करणं आणि थांबवणं, दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. वहिनी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात गेल्या, गोळ्या घेतल्या आणि शिडीही चढल्या. मधुमेहात गोळीबरोबर पथ्य लागतं, तसंच हे.

आणि काही वेळा स्व-मदतीची वाट बघायचीच नाही. जगणं नको वाटत असेल, खाणं-झोप सुटली असेल, दिवसाचे बरेच तास त्यातच जात असतील, लहान मुलाला हा त्रास सुरू झाला असेल किंवा बाळंतीण असेल, तर थेट डॉक्टर. जवळ कुणी नसेल तर १४४१६ हा 'टेलि-मानस'चा सरकारी नंबर आहे. २०२२ साली सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतही बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी यंत्रणेत मानसोपचार मिळणं हा आपला हक्क ठरवला आहे. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा कंपन्यांनी संरक्षण दिलं पाहिजे, असंही त्याच कायद्यात आहे. 'बाहेरचं काही असेल' म्हणून अंगारे-धुपारे करण्यात वर्षं घालवू नका. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं हा तर आपल्या राज्यात २०१३ पासून कायद्याने गुन्हा आहे.

एक अडचण मला सगळीकडे ऐकू येते. 'ताई, लोकांना कळलं तर मुलीचं लग्न कसं जमायचं?' ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. छोट्या गावात मानसोपचारवाल्याच्या पायरीवर कोण दिसलं, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळतं. पण लपवल्याने काय होतं तेही बघू. आजार सासरी जातो, तिथे नाव पडतं 'आगाऊ' किंवा 'वेडी', आणि पोरगी परत माहेरी येते. आजार कळलेली, उपचार घेतलेली, आपली शिडी स्वतः चढलेली मुलगी जास्त सक्षम असते. आणि हे बदलणार कोण? मंडळात आपण हळदीकुंकवाला शंभर बायका जमवतो, रक्तातल्या हिमोग्लोबिनवर बोलतो, कर्करोगावर बोलतो. मग मनाच्या आजारावर तासभर बोलायला काय हरकत आहे? आमच्या मंडळात गेल्या वर्षी बोललो, तर सभा संपल्यावर चार जणी मागे थांबल्या.

वहिनी आज पूर्ण बऱ्या झाल्या, असं लिहिलं तर ते खोटं होईल. दिवाळीच्या साफसफाईत, घरी आजारपण आलं की, जुनं परत डोकं वर काढतं. साडेचार तासांचे आता चाळीस मिनिटं झाले आहेत. घसरण झाली की त्या वही काढतात आणि दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा चढतात. घसरणं हा या वाटेचाच भाग आहे, त्याने आधीचं चढणं वाया जात नाही. हातांच्या भेगा भरल्या आहेत. मुलाचे मित्र घरात येऊन कॅरम खेळतात आणि कॅरमच्या पावडरचे हात सतरंजीला पुसतात. वहिनी बघतात, अस्वस्थ होतात आणि चहा टाकायला आत जातात.

म्हणून मैत्रिणींनो, ज्या घराच्या चकचकीतपणाचं आपण तोंड भरून कौतुक करतो, त्या घरातल्या बाईचे हात एकदा बघा. पुढच्या वेळी 'काय गं किती स्वच्छ!' म्हणण्याऐवजी तिला जवळ बसवून हळूच विचारा, 'दमतेस का गं?' ती नाही म्हणाली तर विषय सोडा, कुठे बोलू नका. हो म्हणाली तर मात्र तिथून उठू नका.